आधी कागद, मग कोर्ट

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आईवडील वकिलाकडे येतात तेव्हा मूल बहुधा अडीच-तीन वर्षांचं झालेलं असतं. यात आळस नसतो. पहिले चार-पाच महिने ‘काही मुलं मान उशिरा धरतात’ या आशेवर जातात. मग मूल बसत नाही म्हणून मालीशवाली बदलते, डॉक्टर बदलतो, कुणीतरी शहरातल्या मेंदूविकार तज्ज्ञाचं नाव सुचवतं, एमआरआय होतो आणि ‘सीपी’ ही दोन अक्षरं पहिल्यांदा कानावर पडतात. त्यानंतरचं वर्ष फिजिओथेरपीत, नवसात आणि कर्जात जातं. वकील आठवतो तो या सगळ्यानंतर. आणि ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत आहे दोन वर्षं.

हे पुस्तक त्या आईवडिलांसाठी आहे. लिहिणाऱ्यांत पालक आहेत, वकील आहेत आणि एक बालरोगतज्ज्ञही आहेत, त्यामुळे ते कुणा एकाच्या बाजूचं झालेलं नाही. प्रस्तावनाकारानं पुस्तकाची तारीफ करायची असते, तेवढी या वाक्यांत झाली असं समजावं. ग्राहक आयोगाच्या आणि दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना जे कळलं ते इथेच सांगून टाकतो, कारण असं पुस्तक हातात घेणारा माणूस घाईत असतो आणि तो पाचव्या प्रकरणापर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

दोन वर्षं मोजायची कुठून? जन्मापासून, निदानापासून, की बाळंतपणात काही चुकलं असावं हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून? कायदा म्हणतो, तक्रारीचं कारण घडल्यापासून. डॉक्टरांचे वकील इथे श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल हमखास काढतात. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेची मुंबईत १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटात राहिलेलं गॉज २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत निघालं आणि तक्रार २००४ साली दाखल झाली. चूक उघडकीला आल्यापासून मुदत मोजता येते हे तत्त्व न्यायालयानं बाजूला सारलं नाही. पण त्रास पहिल्यापासून होत असताना, आणि तक्रारदार स्वतः परिचारिका असताना, तिनं इतकी वर्षं त्या सर्जनना विचारलंही नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. सीपीच्या प्रकरणात आईवडिलांची बाजू यापेक्षा बरी असते, कारण मुळात निदानच उशिरा होतं, आणि पुरेसं कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. तरीही विलंब माफीचा अर्ज म्हणजे खटल्याआधीचा खटला. तो टाळता आला तर टाळावा.

दिवाणी दाव्यात मुलाला थोडी सवलत आहे. कोर्टाच्या भाषेत अठरा वर्षांखालचं मूल ‘अज्ञान’ असतं आणि मुदतीच्या कायद्याचं सहावं कलम अज्ञानाची मुदत तो सज्ञान होईपर्यंत थांबवून धरतं. ही सवलत मुलाच्या दाव्यापुरती आहे. आईवडिलांनी स्वतःला झालेल्या खर्चासाठी आणि मनस्तापासाठी काही मागायचं असेल, तर त्यांचं घड्याळ चालूच असतं. शिवाय मुलाला अठरा वर्षांनी दावा करता येईल हे खरं असलं, तरी तोवर रुग्णालयात कागद कुठले राहायला? आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपण्याचं बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. त्यानंतर त्या रद्दीत गेल्या तर कुणाला जाब विचारता येत नाही.

कागदांकडे वळण्याआधी एक अवघड गोष्ट बोलायला हवी, जी वकील सहसा पहिल्या भेटीत बोलत नाहीत. सीपी असलेल्या प्रत्येक मुलामागे कुणाची तरी चूक असतेच असं नाही. विल्यम जॉन लिटल या लंडनच्या अस्थिशल्यविशारदानं १८६१ साली तिथल्या प्रसूतिशास्त्र सभेपुढे मांडलं, की अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः श्वास कोंडणं यांतून मुलांमध्ये सीपीतला ताठरपणा येतो. पुढे कित्येक वर्षं या विकाराला ‘लिटलचा आजार’ असंच म्हणत. १८९७ साली लिटलच्या म्हणण्याला हरकत घेतली ती सिग्मंड फ्रॉइडनं. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी तो मेंदूविकारांचा डॉक्टर होता हे आपण विसरतो. त्याचं म्हणणं असं, की बाळाच्या मेंदूत पोटात असतानाच काही बिघडलेलं असेल आणि बाळंतपण अवघड होणं हा त्याचाच परिणाम असेल. हा वाद आजही प्रत्येक खटल्यात नव्यानं लढला जातो, फक्त लिटल आणि फ्रॉइड यांच्या जागी दोन तज्ज्ञ साक्षीदार असतात. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांनी बऱ्याच अंशी फ्रॉइडच्या बाजूनं कौल दिला आहे. तिथे पूर्ण दिवसांच्या बाळांच्या सीपीत बाळंतपणाच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं हे कारण थोड्याच मुलांत सापडतं. आपल्याकडे हा वाटा मोठा आहे. त्यात भर पडते ती वेळेवर न उतरवलेल्या काविळीची आणि लक्षात न आलेल्या कमी साखरेची. ही दोन कारणं बाळंतपण सुखरूप झाल्यावरच्या दिवसांतली आहेत, आणि वकिलांच्या नजरेतून ती हमखास निसटतात, कारण सगळ्यांचं लक्ष प्रसूतिगृहातल्या त्या एका तासावर असतं.

घरात मात्र कारणं आधीच ठरलेली असतात. सासरी म्हणतात, ग्रहण पाळलं नाही. माहेरी म्हणतात, नाळेचा वेढा होता. ग्रहणाबद्दल काही लिहायची गरज नाही. नाळेचा वेढा मात्र दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती असतो आणि बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही. ‘वेढा होता’ एवढं ऐकून डॉक्टरवर केस होत नाही, आणि ‘वेढा होता’ एवढं सांगून डॉक्टरची सुटकाही होत नाही. वेढा असताना बाळाचे ठोके कसे होते, ते कुणी, किती वेळानं ऐकले आणि ते पडायला लागल्यावर काय केलं, हे पाहावं लागतं. आणि ते फक्त कागदावर सापडतं.

एका आईनं एकदा माझ्या टेबलावर साडीच्या दुकानाच्या पिशवीतून कागद ओतले. ममता कार्ड, सोनोग्राफीच्या फिल्म, औषधांची बिलं, दोन डिस्चार्ज कार्डं. पहिलं कार्ड तालुक्याच्या गावातल्या प्रसूतिगृहाचं होतं, त्यावर बाळाच्या रकान्यात ‘बीसीआयएबी’ असा शिक्का मारलेला होता. म्हणजे बाळ जन्मल्याबरोबर रडलं. अपगार, म्हणजे जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण, आठ आणि नऊ. दुसरं कार्ड जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात अतिदक्षता विभागाचं, त्याच रात्रीचं. त्यावर: रडायला उशीर, पोटात शी केलेली, बॅगनं श्वास दिला, झटके, एचआयई (श्वास कोंडल्यानं मेंदूला झालेली इजा) दुसरा टप्पा. एकाच बाळाच्या या दोन नोंदींत काही तासांचंच अंतर. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तिच्या लक्षात होतं ते असं: “कळांचं इंजेक्शन लावलं, मग डॉक्टर जेवायला गेले, सिस्टर पोटावर दाब देत होती, आणि बाळ रडलंच नाही, मी विचारत राहिले, का रडत नाही.” शिक्का खरा की आई खरी हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण असा शिक्का हाताशी तयार असतो आणि तो मारायला फारसा विचार लागत नाही, एवढं मला माहीत होतं. ते प्रकरण पुढे तडजोडीनं मिटलं. ते मिटवायला आईची आठवण जितकी उपयोगी पडली, तितकीच दुसऱ्या कार्डावरची भरतीची वेळ.

म्हणून माझं सांगणं असं, की डॉक्टरला नोटीस पाठवण्याआधी, वकीलपत्रावर सही करण्याआधी, संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी अर्जानं मागा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. तो सारांश असतो, आणि बहुतेकदा घाईत लिहिलेला. हवे ते आतले कागद: भरतीची वेळ, कळांची प्रगती दाखवणारा पार्टोग्राफ, ठोक्यांच्या नोंदी, इंजेक्शनं कधी आणि किती वेगानं दिली, सिस्टरच्या नोंदी, संमतीपत्र, सिझर ठरवल्याची वेळ आणि पोटावर छेद घेतल्याची वेळ, बाळाचा कागद. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत प्रत द्यायची हा त्याच २००२ च्या नियमांतला हुकूम आहे. त्याआधीही मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ साली रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णाला आणि नातेवाइकांना केसपेपर नाकारता येणार नाही असं स्पष्ट सांगितलेलं आहे. अर्जाची पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. ठोक्यांच्या यंत्राची पट्टी मिळाली तर त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि फोटो घ्या. ती पट्टी थर्मल कागदावर असते आणि किराणा दुकानाच्या बिलासारखी वर्षा-दोन वर्षांत कोरी होते. खटल्यातला सर्वांत मोलाचा पुरावा कपाटात आपोआप पांढरा झालेला मी पाहिलेला आहे.

माहेरच्या बाळंतपणाचा आणि कागदांचा एक खास संबंध आहे, तो या पुस्तकात ठळकपणे आला याचा आनंद वाटला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. त्यामुळे पहिले सहा-सात महिने तपासणी सासरच्या गावी, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात, बाळ अत्यवस्थ झाल्यावर तिसऱ्या शहरात, आणि पुढचे उपचार पुन्हा सासरी. कागद तीन ठिकाणी विखुरलेले. बाळंतपणाच्या वेळी बाप हजर नसतो, साक्षीला आईची आई आणि फार तर मावशी. पूर्वी तक्रार समोरच्या पक्षाच्या जिल्ह्यात करावी लागे, म्हणजे सीपीचं मूल कडेवर घेऊन तारखेला माहेरच्या जिल्ह्यात एसटीनं जायचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येऊ लागली. माझ्या मते या कुटुंबांसाठी त्या कायद्यातली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. दुसरी एक उपयोगाची गोष्ट म्हणजे कोणत्या आयोगात जायचं हे आता तुम्ही मोजलेल्या फीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. साठ हजारांत सिझर झालं असेल तर एक कोटीची मागणीसुद्धा जिल्हा आयोगातच चालते.

पण ग्राहक आयोगाचं दार सगळ्यांना उघडं नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली, तेव्हाच एक रेघही ओढली: जिथे कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत, तिथला रुग्ण ग्राहक नाही. काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथे मोफतवालाही ग्राहक. म्हणजे सगळ्यांना सर्व काही मोफत देणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत झालेल्या बाईला आयोगात जाता येत नाही. तिला दिवाणी कोर्टात सरकारवर दावा लावायचा, त्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची. हा रस्ता किती लांबचा आहे ते औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या प्रकरणावरून कळतं. जुलै १९६३ मध्ये तिथे एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला आणि त्याच महिन्यात ती गेली. कनिष्ठ कोर्टानं ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयानं ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९६ मध्ये पुन्हा दिले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार या नावानं तो निकाल प्रसिद्ध आहे, आणि टॉवेल पोटात आपोआप जात नाही, चूक उघडच बोलते, सरकारला जबाबदारी टाळता येणार नाही, हे त्यातलं सूत्र आजही उपयोगी पडतं. फक्त मध्ये ३३ वर्षं गेली.

पोलिसांत जावं का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबातला एखादा काका विचारतोच. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं आहे, की डॉक्टरवर फौजदारी कारवाईला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यायचं. शिवाय ज्या कलमाची सगळीकडे चर्चा असते ते मृत्यूसाठी आहे. मूल जिवंत असताना ते लागूच होत नाही, दुखापतीची हलकी कलमं लागतात. रुग्णालयात तोडफोड केली तर मात्र २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली तुमच्यावरच अजामीनपात्र गुन्हा होतो आणि पुढची सगळी लढाई तुम्ही आरोपी म्हणून लढता.

निष्काळजीपणा म्हणजे काय, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रथम ज्या निकालात सविस्तर सांगितलं, तो महाराष्ट्रातला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, आणि पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवल्यावर तो गेला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्याचा निकाल १९६८ साली लागला, नुकसानभरपाई तीन हजार रुपये. पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही, उपचार कोणता करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरनं रास्त काळजी घेतली पाहिजे, ही तिपेडी कसोटी तिथून आली. तिच्याइतकीच वजनदार दुसरी कसोटी इंग्लंडहून आलेली आहे: जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला जे मान्य असेल ते केलं, तर चूक नाही. सीपीच्या खटल्यांत बहुतेक तक्रारी या दुसऱ्या कसोटीवर अडकतात, किंवा ती ओलांडून कार्यकारणावर अडकतात. उशीर झाला, मान्य. पण उशीर झाला नसता तर मूल ठीक असतं का? याचं उत्तर एमआरआय, झटक्यांची वेळ, नाळेच्या रक्तातली आम्लता आणि पहिल्या दिवसांतला मेंदूच्या सुजेचा टप्पा यांतून मिळतं. नाळेच्या रक्ताची तपासणी आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांबाहेर फारशी होतच नाही. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात हवंच असं नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली किशन राव प्रकरणात म्हटलं आहे, पण सीपीत त्या वाक्याच्या भरवशावर राहणारा वकील बदलावा.

परदेशातले निकाल वाचून आलेले पालक हल्ली भेटतात. मॉन्टगोमेरी विरुद्ध लॅनार्कशायर हेल्थ बोर्ड त्यांना तोंडपाठ असतं, आणि तो वाचण्यासारखा आहेही. स्कॉटलंडमधल्या नॅडिन मॉन्टगोमेरी या ठेंगण्या आणि मधुमेही बाईचं १९९९ मधलं बाळंतपण. मधुमेही आईच्या बाळाचे खांदे अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के, पण तो तिला सांगितला नाही, कारण डॉक्टरांच्या मते सांगितलं तर सगळ्याच सिझर मागतील. खांदे अडकले, बाळ बारा मिनिटं कोंडलं, सीपी झाली. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की काय सांगायचं हे डॉक्टरांच्या रिवाजावर नाही, त्या बाईला काय महत्त्वाचं वाटेल यावर ठरेल. भरपाई साडेबावन्न लाख पौंड. आपल्याकडे समीरा कोहली प्रकरणात २००८ साली संमतीचं महत्त्व मान्य झालं, पण किती माहिती द्यायची याची मोजपट्टी अजून बरीचशी डॉक्टरांच्या हातात आहे. मॉन्टगोमेरी दाखवता येतो, चिकटवता येत नाही. वैद्यकातही तसंच. कोंडलेल्या बाळाचं अंग पहिल्या सहा तासांत थंड करण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे, म्हणून ‘बाळाला थंड केलं नाही’ ही तक्रार मी तयार मसुद्यात पाहिली आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या उपचारानं अपंगत्व घटलं नाही, मृत्यू मात्र वाढले. समोरचा वकील तो कागद काढणार, हे गृहीत धरावं.

भरपाईच्या आकड्याबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते उत्तम आहे, म्हणून थोडक्यात. कोर्टात ‘मनस्ताप’ या शब्दाला पैसे कमी मिळतात, हिशेबाला जास्त. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीची डोळ्यांची तपासणी सुचवली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ च्या व्ही. कृष्णकुमार निकालात न्यायमूर्ती शरद बोबडे, आपले नागपूरचे, यांनी पुढच्या उपचारांचा खर्च महागाईसकट मांडला आणि एक कोटी ३८ लाख रुपये, वर झालेल्या खर्चाचे जवळजवळ ४३ लाख दिले. मोटार अपघाताच्या २०२० मधल्या काजल प्रकरणात मुलीला आयुष्यभर लागणाऱ्या मदतनिसांचा खर्च गुणक लावून काढला आहे. तेव्हा फिजिओथेरपीची प्रत्येक पावती, बुटांच्या पट्ट्या, रिक्षाभाडं, आईनं नोकरी सोडल्याचा कागद, सगळं जपा. आणि रक्कम मिळाली तर ती बहुधा मुलाच्या नावे बँकेत ठेवायचा हुकूम होतो, घर बांधायला मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. यावरून घरात भांडणं झालेली आहेत.

वकिलाची फी. अमेरिकेत अशा प्रकरणांत वकील जिंकल्यावर वाटा घेतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून असलेली फी निषिद्ध आहे. ‘आत्ता काही देऊ नका, मिळाल्यावर तीस टक्के’ असं सांगणारा माणूस पहिल्याच भेटीत नियम मोडतो आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं बारावं कलम स्त्रीला मोफत वकील देतं, मुलाला देतं आणि अपंग व्यक्तीला देतं, तिघांनाही उत्पन्नाची अट नाही. आई आणि तिचं सीपीचं मूल यांना एकदम तीन हक्क लागू पडतात, आणि तरी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणायला त्यांना परत पाठवल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. कलम दाखवा, किंवा १५१०० वर फोन करा. माझा संपादकांशी वाद झाला तो इथेच: फी आणि मोफत वकील यांवरचं प्रकरण पुस्तकात नवव्या क्रमांकावर आहे, मी ते पहिलं घेतलं असतं. त्यांचं म्हणणं, आधी लढाई समजू दे. असो.

आता ज्यासाठी मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला ते. जन्माच्या वेळी काय झालं आणि या मुलाला आयुष्यभर काय लागेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडची भरपाई दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर टांगून ठेवते, आणि मग कुटुंबंही तसंच करतात. केस चालू आहे म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नाही, निकाल लागला की बघू, असं सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. जपाननं हे दोन प्रश्न २००९ साली वेगळे केले. तिथल्या प्रसूती भरपाई योजनेत सीपी झालेल्या, अटींत बसणाऱ्या मुलाला चूक सिद्ध न करता तीन कोटी येन मिळतात, काही एकरकमी आणि बाकी वीस वर्षांत. आणि काय घडलं याचा तज्ज्ञांनी लिहिलेला अहवाल आईवडिलांना आणि रुग्णालयाला, दोघांनाही दिला जातो. आपल्याकडे असं काही नाही. माझ्या मते असायला हवं, आणि त्याचा डॉक्टरांनाही फायदाच होईल.

जे आहे ते मात्र चूक सिद्ध न करता मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपी नाव घेऊन नोंदलेली आहे. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असलं की सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचारखर्च देते आणि त्यात थेरपीही येते. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे मुलांवर लवकर उपचार सुरू करणारी केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत. सगळीकडे थेरपिस्ट असतातच असं नाही, पण जागा रिकामी आहे हे लेखी घ्या, त्या लेखी उत्तराचाही पुढे उपयोग होतो. यातलं काहीही घेतल्यानं खटला कमजोर होत नाही. उलट प्रमाणपत्राची तारीख आणि टक्केवारी भरपाईच्या हिशेबाला लागतेच.

शेवटचं प्रकरण अठराव्या वर्षाचं आहे. मूल सज्ञान झाल्या दिवसापासून आईवडील कायद्यानं त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत, मालमत्तेच्या व्यवहारात हे एकदम पुढे येतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येतं, आणि ज्या मुलाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत त्याच्यासाठी ते घ्यावंच लागतं. पण सीपी असलेल्या अनेकांची बुद्धी शाबूत असते, बोलणं तेवढं समजायला वेळ लागतो. मिठू अलूर यांनी मुंबईत १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी काढली ती मालिनी छिब या आपल्या मुलीमुळे. त्या मुलीनं पुढे उच्च शिक्षण घेतलं आणि स्वतःचं आत्मकथन लिहिलं. सीपी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ साली अपंग म्हणून विमानातून उतरवलं गेलं, तेव्हा त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोबतीला अर्जदार होती अडॅप्ट, म्हणजे नाव बदललेली तीच स्पास्टिक्स सोसायटी. २०१६ साली न्यायालयानं त्यांना दहा लाख रुपये द्यायला लावले. पालकत्वाच्या अर्जाचा नमुना या पुस्तकाच्या अखेरीस दिला आहे आणि त्याच्या आधीची दोन पानं असा अर्ज कधी करू नये यावर आहेत. ती दोन पानं आधी वाचा.